एका तुकड्याचं गोत

वर्षाराणी मुळीकच्या दारात एका सकाळी अनोळखी म्हातारा येऊन उभा राहिला. अंगात पांढराशुभ्र सदरा, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात साडीचं खोकं आणि मुरुक्कूची, म्हणजे तिकडच्या चकल्यांची, पिशवी. "आबा मुळकाचं घर ह्येच न्हवं?" असं विचारून उत्तराची वाट न बघता तो आत आला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "पोरी, मी तुझा चुलता लागतो. आधी पाणी दे."

राणीला दोनच चुलते होते. एक वारला होता, दुसरा बांधावरून तिच्या वडलांशी बोलत नव्हता. हा तिसरा कुठून उगवला, ते तिला कळेना. तरी तिनं पाणी दिलं, कारण दारात आलेल्या माणसाला पाणी देताना नातं विचारायची तामजाईवाडीत पद्धत नाही.

"जगन्नाथ बाबर," म्हातारा म्हणाला. "मूळचा बलवडीकडचा. सेलमला गलाईचं दुकान हाय."

गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचा धंदा. विट्याच्या पंचक्रोशीतली माणसं या धंद्यापायी पार तमिळनाडूपासून आसामपर्यंत पांगली आहेत. राणीचा नवरा संग्रामही कोइमतूरला त्याच कामात होता. तेव्हा बाबर नावाचा गलाईवाला असणं यात नवल नव्हतं. चुलता असणं नवल होतं.

म्हाताऱ्यानं फोन पुढे केला. त्यावर निरोप होता: 'तुमच्या रक्तातला एक तुकडा आणि तामजाईवाडीच्या ओवी मुळीकच्या रक्तातला एक तुकडा एकाच पूर्वजाकडून आला आहे. ती तुमचीच आहे. तिला औषध हवं आहे.'

"चाळीस वरसं झाली सेलमात," तो म्हणाला. "तिथं मला शेठ म्हणत्यात, आपला कुणी म्हणत न्हाई. आन् एकदम ह्ये आलं. पैसे तर त्याच दिवशी पाठवलं, पर बसवंना. म्हटलं बघून येऊ."

राणी पुरती गोंधळली. हा माणूस संग्रामच्या बाजूचा असेल तर सासरचा वडीलधारा, म्हणजे ओढणी डोक्यावर घ्यायला हवी. तिच्या बाजूचा असेल तर माहेरचा, मग ओढणी घेतली तर परकेपणा दिसेल. तुकडा दोन्हीकडून आला असू शकत होता. शेवटी तिनं ओढणी अर्धवट खांद्यावरून वर ओढली आणि तशीच चहा करायला गेली.

"साखर कशाला घातलीस?" पहिल्याच घोटाला म्हाताऱ्यानं दटावलं. "मला साखर हाय. एकच रक्त म्हंजे तूबी जपायला पायजे."

राणीची मुलगी ओवी खाटेवर उशांच्या आधारानं बसली होती. चार वर्षांची झाली होती, बडबडी होती, पण मान धरता येत नव्हती. म्हाताऱ्यानं तिला घ्यायला हात पुढे केले तशी राणी म्हणाली, "एक हात मानेखाली लागतो, साहेब." तो साहेब म्हटल्यानं दुखावला की मानेला घाबरला कोण जाणे, पण त्यानं हात मागे घेतले आणि निघेपर्यंत ओवीकडे नुसता बघत राहिला.

हा प्रकार पुढे नित्याचा झाला. गुवाहाटीहून एक मावशी उगवली, कोलकात्याचा एक दादा रोज फोन करून ओवीनं काय खाल्लं ते विचारू लागला. माणसं रडत, रागावत, हळदीचं दूध सुचवत, आणि पैसे पाठवत. राणीला त्यांची नावं लक्षात राहीनात. आपल्या मुलीवर इतक्या माणसांचा हक्क कधी झाला, हेही तिला उमगेना. पण पैसे येत होते, आणि त्याच्यापुढे तिला बाकी काही सुचत नव्हतं.

डॉक्टर शमा इनामदारांनी हे प्रकरण राणीला चटणीच्या भाषेत समजावलं होतं. त्या पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जनुकांवर काम करत.

"समज, तुझ्या घरी कांदा-लसूण चटणीच्या कृतीच्या दोन चिठ्ठ्या आहेत," त्या म्हणाल्या होत्या. "एक आईकडून आलेली, एक वडलांकडून. एकीत मीठ लिहायचं राहिलं तरी दुसरी बघून चटणी नीट होते. दोन्हींत राहिलं तर होत नाही."

ओवीच्या दोन्ही चिठ्ठ्यांत एकाच जागी एकच अक्षर चुकलं होतं. त्यामुळे मज्जापेशींतला कचरा उचलणारं एक प्रथिन तिच्या शरीरात बनतच नव्हतं. पेशी हळूहळू गुदमरत होत्या. आधी मान, मग हात, मग श्वास. राणी आणि संग्रामकडे एकेक चिठ्ठी बरोबर होती, म्हणून दोघं ठणठणीत होते. अशांना वाहक म्हणतात. वाहकाला स्वतःला काही होत नाही. पण दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक बाळाला चारात एक वेळा दोन्ही चुकलेल्या चिठ्ठ्या मिळायची भीती असते.

ते एक अक्षर दुरुस्त करणारं औषध त्या काळात बनवता येऊ लागलं होतं, पण ते त्या एका अक्षरापुरतंच चाले. नेमकी हीच चूक असलेल्या मुलांची अकरा घरं देशभरात सापडली होती, आणि अकरा मुलांसाठी कोणतीही कंपनी भट्टी पेटवायला तयार नव्हती. एकदा औषध बनलं की पुढे हव्या तितक्या कुपी भरता येणार होत्या. पहिल्यांदा बनवायचा खर्च मात्र या अकरा घरांनी उभा करायचा होता. ओवीच्या छातीचे स्नायू धड होते तोवरच औषधाचा उपयोग होता. डॉक्टरांच्या अंदाजानं म्हणजे फार तर दिवाळीपर्यंत.

पैसे जमवायला सुरुवातीला सगळ्यांसारखंच त्यांनी केलं. राणीनं कॅमेऱ्यासमोर हात जोडले, ओवीनं बडबडगीत म्हटलं. लोकांनी पाहिलं, हळहळले आणि पुढच्या मुलाकडे वळले. मग निधीचं काम बघणाऱ्या कंपनीनं 'गोत' नावाची यंत्रणा आणली. आता प्रत्येकाच्या आरोग्यकार्डावर रक्ताचा पूर्ण पाठ असे, आणि कार्ड काढताना 'नातेवाईक शोधायला हरकत नाही' या चौकोनावर बहुतेकांनी न वाचता टिचकी मारलेली असे. दोन चिठ्ठ्यांत एकच चूक असेल, आणि तिच्या आजूबाजूचे तेलाचे डागही जसेच्या तसे असतील, तर त्या एकाच चिठ्ठीवरून उतरवल्या आहेत हे उघड असतं. डागांचा पट्टा लांब असेल तर पूर्वज जवळचा, आखूड असेल तर लांबचा. 'गोत' तो पट्टा शोधे आणि त्या माणसाला निरोप धाडी.

निरोपात काय लिहायचं ते 'गोत' स्वतःच शिकली. तिनं हजार तऱ्हांनी लिहून पाहिलं. 'आजार' म्हटलं की माणसं फोन बाजूला ठेवत. 'वाहक' म्हटलं की भांडायला येत. 'ती तुमचीच आहे' म्हटलं की खिशात हात घालत. तेव्हा पहिले दोन शब्द तिनं टाकून दिले. कुणी तिला लपव म्हणून सांगितलं नव्हतं.

"पण एक लक्षात ठेव," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "ज्याला निरोप गेला तो वाहक असतोच, कारण आपण चुकीसकटचाच तुकडा शोधतो. म्हणून देणाऱ्यांची नावं बाहेर जाऊ द्यायची नाहीत."

राणीनं मान हलवली होती. त्या दिवशी ओवीला ताप होता. तिनं ऐकलं सगळं, पण ते डोक्याच्या कुठल्या तरी कोपऱ्यात जाऊन पडलं.

चैत्रात नाथबाबाची जत्रा आली. आबा, म्हणजे राणीचे सासरे, जत्रा कमिटीचे अध्यक्ष. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेला हा मनुष्य एरवी हळू बोले, पण जत्रेत लाउडस्पीकर हातात आला की त्याला चेव चढे. देणगी आली की नाव पुकारायचं, हा तिथला रिवाज. नारळ दिला तरी नाव पुकारतात, मंडपाचा खर्च उचलला तर तीनदा पुकारतात.

"ओवीसाठी ज्यांनी दिलं त्यांची नावं पुकारणार," आबा म्हणाले. "गावचे गलाईवाले समदे जत्रेला आल्यात. माणसाचं घ्यायचं आन् नावबी घ्यायचं न्हाई, ही कुठली रीत?"

"नको आबा. डॉक्टर नको म्हणाल्या होत्या."

"का पण?"

राणीला नीट सांगता आलं नाही. शिवाय नावं पुकारली की आणखी दोघे-चौघे ईर्षेनं देतील, हे तिलाही दिसत होतं. अजून बरीच रक्कम यायची होती. "बघा तुम्हीच," ती म्हणाली आणि ओवीला पाळण्यात बसवायला घेऊन गेली.

पाळणा वर गेला आणि कर्ण्यातून आबांचा आवाज आला. "श्रीमान जगन्नाथ बाबर, सेलम, यांच्याकडून ओवीच्या औषधासाठी! नाथबाबाच्या नावानं..." आणि गर्दीतून "चांगभलं!" उठलं. नावामागून नाव येत होतं. ओवी खिदळत होती. मग आबा म्हणाले, "आमचे व्याही, श्रीमान वसंतराव देशमाने, खानापूर." ज्याला निरोप गेला तो वाहक असतोच, हे डॉक्टरांचं वाक्य कोपऱ्यातून उठून राणीसमोर आलं. वसंतरावांचा मुलगा केदार. त्याचं लग्न राणीच्या नणंदेशी, सोनलशी, वैशाखात ठरलं होतं. आणि सोनल ओवीची सख्खी आत्या.

गोंधळ झाला तो राणीला वाटलं होतं तसा मात्र झाला नाही. दुसऱ्या दिवशी वसंतराव मंडपात आले ते कपाळाला आठ्या घालून.

"आबा, मशिन म्हणती ओवी आमच्या रक्ताची. मग सोनलबी आमच्या रक्ताची. म्हंजे पोरगा-पोरगी भाऊ-बहीण लागत्यात. भावकीत सोयरीक कशी करायची?"

मंडप हादरला. ज्यांची नावं पुकारली होती ते एकमेकांकडे बघू लागले. आजवर ज्यांच्याशी सोयरीक केली ते आता भावकी झाले होते. एकाची सून त्याची पुतणी ठरत होती. एक आजी विचारत होती, गुवाहाटीच्या त्या मावशीची सासू वारली, तर आपण सुतक पाळायचं राहिलं का? कुणी हसत नव्हतं. राणी खांबाला टेकून ऐकत होती. जे विचारायला हवं ते एकही माणूस विचारत नव्हता. ज्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यावर मात्र सगळे घसा फोडत होते.

"मशिनला इचारा, नातं बापाकडनं की आईकडनं," कुणीतरी म्हणालं. मशिनला ते सांगता येत नव्हतं. मग आबांनी हेळव्याला बोलावलं. हेळवी म्हणजे गावोगाव फिरून कुळांच्या वंशावळी जपणारी माणसं. हा हेळवी मोटारसायकलवर आला आणि वंशावळ गाऊन सांगू लागला. सहा पिढ्यांमागे मुळकांची एक लेक देशमान्यांच्या घरात दिली होती.

"म्हंजे देशमाने मुळकांचे भाचे," हेळवी म्हणाला. "नातं मामाकडचं."

मंडपाचा जीव भांड्यात पडला. मामाची मुलगी तर हक्कानं करतात. भावकीचा सवालच मिटला. उलट हे जुनंच नातं नव्यानं जोडलं जात होतं. वसंतरावांनी आबांना मिठी मारली, कुणीतरी गुलाल उधळला. लग्न ठरल्या तिथीलाच, असं ठरलं.

राणीच्या मांडीवर ओवी झोपली होती. तिची मान राणीच्या तळहातावर होती, जरा हात हलला की कलंडणारी. चारात एक म्हणजे काय, ते या मंडपात फक्त राणीला माहीत होतं. बोललं तर प्रत्येक देणाऱ्याला कळणार की त्याला नातेवाईक म्हणून नव्हे, वाहक म्हणून शोधलं होतं. जत्रा संपली की ही बातमी सेलमपासून गुवाहाटीपर्यंत जाणार, आणि पैसे थांबणार. नाही बोललं तर सोनल लग्न करणार, आणि कुणास ठाऊक, चार वर्षांनी तीही अशीच एक मान तळहातावर घेऊन बसणार. राणीला वाटलं संग्रामला विचारावं. पण तो काय म्हणेल ते तिला आधीच ठाऊक होतं: तुला योग्य वाटेल ते कर. नेमकं तेच तिला कळत नव्हतं.

ती उठली. ओवीला शेजारणीच्या मांडीवर दिलं, एक हात मानेखाली ठेवायला लावला, आणि आबांपुढचा माईक घेतला. काय बोलायचं ते सुचेना, तेव्हा जत्रेच्या रिवाजाप्रमाणेच तिनं सुरुवात केली.

"वर्षाराणी संग्राम मुळीक यांच्याकडून," ती म्हणाली, "ओवीला एक चुकलेली चिठ्ठी. संग्राम मुळीक यांच्याकडून एक चुकलेली चिठ्ठी."

लोकांना वाटलं देणगी आहे. दोघे-तिघे "चांगभलं" म्हणाले आणि थांबले. मग राणीनं चटणीचं सांगितलं, चारात एक म्हणजे काय ते सांगितलं, निरोप कुणाला गेले आणि का गेले ते सांगितलं. "काल ज्यांची नावं पुकारली, त्या सगळ्यांत ही चूक आहे. तुमच्या मुलांत असू शकते. मामाकडून यायचं की काकाकडून, हे विचारून ती येत नाही. लग्नाआधी तपासून घ्या. हे मी आधी सांगायला हवं होतं. भीती वाटली म्हणून सांगितलं नाही."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माईक बंद करण्यासाठी बटण शोधू लागले, आणि ते त्यांना सापडेना.

सोनलनं तिला घरी गाठलं. सोनल नर्सिंग शिकलेली, चोवीस वर्षांची, एरवी भावजयीशी हसून खेळून असणारी. आज ती दारातच उभी राहिली.

"वहिनी, मला विचारलंस का एकदा?"

"सोनल, मला वाटलं तुला..."

"मला माहीत होतं. मलाही निरोप आला होता. केदारलाही. आम्ही दोघांनी तेव्हाच तपासून घेतलं. दोघंही वाहक आहोत."

राणी खाटेच्या कडेवर बसली. "आणि तरी लग्न?"

"औषध बनणार होतं ना. ओवीचं औषध. एकदा बनलं की हवं तेव्हा, हवं तितकं. आमच्या बाळाला लागलं असतं तर जन्मल्या जन्मल्या दिलं असतं, मान ढिली पडायच्या आधी. त्या भरवशावर आम्ही हो म्हटलं. माझ्या दागिन्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे मी त्यातच टाकले." ती रडू लागली. "तू मला वाचवायला गेलीस आणि औषधच घालवलंस. आता देणार कोण?"

आपण चांगलं केलं की वाईट, हे राणीला त्या क्षणी देवानं येऊन सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तिनं सोनलला जवळ घेतलं. सोनलनं घेऊ दिलं, पण अंग ताठ ठेवलं.

पैसे थांबले. कोलकात्याच्या दादाचा फोन येईना. कंपनीनं कळवलं की निरोप तूर्त बंद ठेवले आहेत. दोघा-तिघांनी पैसे परत मागितले, एकानं पोलिसांचं नाव काढलं. वसंतराव काही कळवीनात. आबा घरातल्या घरात गप्प फिरत होते. एकदा फक्त म्हणाले, "मीच पुकारलं. तुझ्या एकटीवर घेऊ नको." डॉक्टर इनामदार रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, तू केलंस ते बरोबर होतं, आणि आता पुढे काय ते मलाही कळत नाही. राणीला त्यांच्या रागाचं कमी वाईट वाटलं असतं.

आणि एका सकाळी जगन्नाथ बाबर पुन्हा दारात उभा राहिला. या वेळी हातात नारळ नव्हता, साडी नव्हती. चेहरा ओढलेला होता.

पैसे परत मागायला आला असावा, असं राणीला वाटलं. ती दारातच म्हणाली, "तुमचे पैसे मी कंपनीला सांगून..."

"पैशाचं कोण बोलतंय?" तो आत आला, त्याच खुर्चीवर बसला. गुडघे चोळत म्हणाला, "माझी नात सेलमात हाय. तिचा नवरा आपल्यातलाच, आळसंदचा. त्येलाबी निरोप आलता. सातवा महिना लागलाय तिला." त्यानं राणीकडे पाहिलं. "आता पोरीला कसं सांगायचं, तेवढं सांग. तू सांगिटलंस तसं मला सांगाय येत न्हाई. एवढ्यासाठी आलोय. दुसरं कुणाकडं जाऊ?"

राणी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. बाळाची तपासणी पोटात असतानाच होते, हे तिनं सांगितलं. नातीतही चूक निघाली तरी चारात तीन वेळा बाळ सुखरूप असतं, तेही सांगितलं. आणि त्यानं चौथ्या वेळेचं विचारलं तेव्हा खोटं बोलली नाही. औषध बनलं तर उपाय आहे, म्हणाली, आणि बनेल की नाही ते मला माहीत नाही.

म्हातारा ओवीकडे बघत होता. ओवीनं त्याला ओळखलं. "मुरुक्कू आणलं?" तिनं विचारलं.

तो उठला, खाटेपाशी गेला, आणि या वेळी न विचारता एक हात तिच्या मानेखाली घालून तिला उचललं. नीट उचललं. कुणाकडून तरी शिकून आला असावा, किंवा मागच्या वेळी नुसतं बघत होता तेव्हा शिकला असावा. ओवीला मांडीवर घेऊन तो बसला आणि मोकळ्या हातानं फोन काढून गुवाहाटीच्या एका गलाईवाल्याला लावला.

"कोण, दगडू? मी जगन्नाथ. गुवाहाटीतनं किती जणांची नावं पुकारली होती जत्रंत? न्हाई, भांडाय फोन केला न्हाई. ऐक. तुझ्या थोरल्याचं लगीन झालंय न्हवं? मग ह्ये औषध ओवीचं न्हाई आता. तुझ्याबी घरचं हाय." पलीकडून कुणीतरी तावातावानं बोलू लागलं. म्हाताऱ्यानं ते सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावला.

दगडू देईल की नाही, ते राणीला कळलं नव्हतं. दिवाळीच्या आत होईल की नाही, तेही नाही. ओढणी खुंटीवर होती. ती तिनं तिथंच राहू दिली आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता मागे वळली.

"काका," ती म्हणाली, "चहा बिनसाखरेचाच ना?"

म्हाताऱ्यानं फोन कानाला तसाच ठेवून मान हलवली. त्याचा दुसरा हात ओवीच्या मानेखाली होता, तो त्यानं हलू दिला नाही.